घरच्या केग कूलरमधून नुसता फेस येतोय? आधी गॅसला हात लावू नका

"ताई, नुसता फेस येतोय. गॅस कमी केला, तरी तेच."

न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांमधून हा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, आणि नेमका पाहुणे यायच्या तास-दोन तास आधी. बेसमेंटमध्ये हौसेनं बार बांधलेला असतो. चेस्ट फ्रीझरच्या झाकणाखाली लाकडी चौकट बसवून, तिला आतून फोमचं अस्तर लावून केग कूलर, म्हणजे बिअरचं पिंप (केग) थंड ठेवायची पेटी, केलेला असतो. वर टॉवर, म्हणजे ज्यातून बिअरची नळी वर येते तो उभा पोकळ खांब, आणि टॉवरला नळ. सगळं देखणं, आणि ग्लासात मात्र तीन बोटं बिअर आणि वर फेसाचा डोंगर. मी घरी बिअर स्वतः करते, त्यामुळे हा दोष आमच्या आणि दुसऱ्यांच्या कूलरमध्ये इतक्या वेळा काढला आहे की निघताना पिशवीत काय घ्यायचं ते ठरून गेलं आहे: थर्मामीटर, साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, ओ-रिंगांची, म्हणजे गोल रबरी कड्यांची, डबी आणि नळ उघडायचा पाना. ते याच क्रमानं लागतात, आणि बहुतेक घरांत पहिल्यावरच काम भागतं.

फेस दिसला की प्रत्येकाचा हात आधी रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधून केगमध्ये जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा दाब ठरवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूकडे जातो. तो तिथे जाऊ देऊ नका. कारण पुढे येईलच, तोवर दाब आहे तिथेच राहू द्या आणि आपली तक्रार नेमकी कोणती ते ओळखा.

लक्षणं

पहिला ग्लास अर्धा फेसाचा, दुसरा-तिसरा चांगला, आणि अर्ध्या तासानं पुन्हा पहिल्यासारखंच: टॉवर गरम आहे. केग, गॅस, नळी सगळं ठीक असतं.

प्रत्येक ग्लास फेसाळ, आणि पारदर्शक नळीकडे नीट पाहिलं तर बिअरच्या मध्येमध्ये रिकाम्या फटी सरकताना दिसतात: बिअर केगमध्येच गरम आहे किंवा दाब कमी पडतोय.

बिअर पिचकारीसारखी ग्लासात आदळते: दाब जास्त किंवा नळी आखूड. बहुधा नळी आखूड.

धार सलग नाही, थुंकल्यासारखी येते, आणि केग तर भरलेला आहे: केगच्या आत बिअरच्या दांडीवरची (तळापासून बिअर वर आणणाऱ्या नळीवरची) ओ-रिंग गेली आहे आणि गॅस बिअरच्या वाटेत घुसतो आहे.

बिअर सपक आणि सिलिंडर महिन्याभरात रिकामा: गळती.

चव आंबूस, किंवा लोण्यासारखा वास: नळ्या आणि नळ धुतलेले नाहीत. यात फेसही येतो, पण फेस ही इथे दुय्यम गोष्ट आहे.

पहिलं, फुकटचं: केगला स्वस्थ बसू द्या

दुकानातून केग गाडीत घालून आणला, पायऱ्यांवरून उतरवला आणि संध्याकाळी लगेच नळ उघडला, तर फेस येणारच. १५.५ गॅलनचा भरलेला केग जवळजवळ ७३ किलो असतो. एवढा मोठा साठा वाटेत थोडा जरी तापला तरी पुन्हा थंड व्हायला एक अख्खा दिवस घेतो. बाहेरचं स्टील दोन तासांत हाताला गार लागतं, त्यावर जाऊ नका. शनिवारची पार्टी असेल तर केग गुरुवारी आणा.

तापमान: हवेचं नाही, बिअरचं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण दोष बहुधा इथेच सापडतो.

बिअरमधला कार्बन डायऑक्साइड थंडीत विरघळून राहतो आणि उबेत बाहेर पडायला बघतो. उन्हात राहिलेली गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. आकड्यांत सांगायचं तर नेहमीच्या फिकट लागर बिअरमधला गॅस ३८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ३.३ सेल्सिअसला, ११-१२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाखाली शांत बसतो. पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटचेच. तीच बिअर ५० अंशांवर गेली तर तिला आवरायला १७-१८ पीएसआय लागतात. तुमचा रेग्युलेटर १२ वर असेल तर उरलेला गॅस नळीतच सुटतो. त्या सरकणाऱ्या फटी याच. आणि अशा वेळी तुम्ही दाब आणखी कमी केलात, तर गॅस सुटायला आणखी मोकळीक मिळते. धार मंदावते म्हणून पाचेक मिनिटं बरं वाटतं, मग फेस दुपटीनं येतो आणि दोन-तीन दिवसांत उरलेली बिअर सपक होते. म्हणून रेग्युलेटरला हात लावू नका म्हटलं.

मोजायचं कसं? काचेच्या ग्लासात पाणी भरून ते कूलरमध्ये केगच्या शेजारी ठेवा. चोवीस तासांनी त्यात थर्मामीटर बुडवा. घाई असेल तर नळातून लागोपाठ दोन ग्लास काढा आणि दुसऱ्या ग्लासातली बिअर मोजा. पहिला ग्लास नळीतल्या बिअरचा असतो, तो फसवतो. आणि थर्मामीटर खरा आहे का ते आधी बघा: ग्लासभर चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा, त्यात काटा ३२ अंशांवर यायला हवा.

मागच्या ४ जुलैला एका मित्राच्या घरी गेले होते. चेस्ट फ्रीझरला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडलेला, त्याच्या पडद्यावर लखलखीत ३८. "ताई, थंडावा बरोबर आहे, तो मी तीनदा बघितलाय," तो म्हणाला. फ्रीझरमध्ये कॉम्प्रेसरच्या वर जो उंचवटा असतो, त्यावर छोटा केग ठेवला होता. त्यातून काढलेला दुसरा ग्लास मी मोजला: ४७. नियंत्रकाच्या प्रोबची (तापमान मोजणाऱ्या टोकाची) वायर तळापर्यंत लोंबत होती आणि तिचं टोक थेट भिंतीला टेकलेलं होतं. त्या भिंतीतच गार नळ्या आहेत. म्हणजे नियंत्रक तळाची भिंत मोजत होता आणि भिंत ३८ ला आली की फ्रीझर बंद करत होता. वरचा केग तसाच राहत होता.

प्रोब तिथून काढून केगच्या पोटाला, साधारण अर्ध्या उंचीवर, टेपनं चिकटवली आणि तिच्यावर हाताच्या पंज्याएवढा फोमचा तुकडा बांधला. तुकडा नसेल तर प्रोब पुन्हा हवाच मोजत बसते आणि झाकण उघडलं की फ्रीझर विनाकारण सुरू होतो. शिवाय तळाशी संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा ठेवला. गार हवा जड असते, ती खाली साचते. तळाशी ३४ आणि झाकणाजवळ ४५ हे मी कितीतरी कूलरमध्ये पाहिलं आहे. पंखा ती ढवळत राहतो. त्या संध्याकाळी त्यांनी बाटल्या उघडल्या, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोटो आला: दोन बोटं फेस, खाली स्वच्छ बिअर.

नियंत्रक पार खाली नेऊ नका. साधी पाच टक्क्यांची बिअर २८ अंशांच्या आसपास गोठायला लागते. नळीत बर्फाचे कण झाले तरीही नळातून फेसच येतो, आणि मग माणूस गोंधळून जातो. नियंत्रकात कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायच्या आधी थांबायची वेळ असते, ती निदान तीन मिनिटं ठेवा. कॉम्प्रेसर लगेच-लगेच चालू-बंद होत राहिला तर जळतो.

ग्लास आणि हात

नळ अर्धवट उघडून हळूहळू ग्लास भरणं हे फेसाला आमंत्रण आहे. अरुंद फटीतून बिअर घुसळून निघते. दांडा एकदम पूर्ण ओढा, ग्लास तिरका धरा, अर्धा भरल्यावर सरळ करा. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवू नका.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते. ज्या ग्लासांतून दूध, ताक, लस्सी पितो तेच ग्लास बिअरला काढले जातात. स्निग्धाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण बुडबुडे काचेला जागोजागी चिकटून बसतात आणि वरचा फेस मात्र लगेच मरतो. ग्लास पाण्यात बुडवून उलटा धरा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर पुन्हा धुवा. बिअरचे ग्लास वेगळे ठेवणं सगळ्यात सोपं. आणि फ्रीझरमध्ये ठेवून पांढरा केलेला ग्लास वापरू नका, त्यावरच्या बर्फाच्या खरबरीत कणांवर फेस उठतो.

सिलिंडर आणि गळती

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला ते रेग्युलेटरवर सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या मोठ्या काट्यावरून कळत नाही. आत द्रवरूप गॅस आहे तोवर काटा तापमानाप्रमाणे उभा असतो: खोलीत साडेआठशे पीएसआयच्या आसपास, कूलरच्या आत साडेपाचशेच्या आसपास. कूलरमध्ये ठेवल्यावर काटा उतरला म्हणून गॅस गळतोय असं समजून घाबरलेले लोक मला भेटले आहेत. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. खांद्यापाशी रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलं असतं, रेग्युलेटर काढून मोजलेल्या वजनातून ते वजा करा. सिलिंडर नेहमी उभाच हवा. आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि तो निकामी होतो.

खर्चाचा अंदाज हवा तर, १५.५ गॅलनचा अख्खा केग रिकामा करायला जेमतेम अर्धा पौंड गॅस लागतो. ५ पौंडांचा सिलिंडर एका केगमध्ये संपला, तर बाकीचा गॅस बेसमेंटमध्ये गेला आहे, हे लक्षात घ्या. हा नुसता पैशांचा प्रश्न नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

गळती शोधायला भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून प्रत्येक सांध्यावर फवारा आणि उजेड धरून मिनिटभर बघत राहा. बारीक गळती लगेच दिसत नाही, हळूहळू साबुदाण्याएवढे बुडबुडे जमतात. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधला वायसर हा पहिला संशयित. काही रेग्युलेटरना तिथे कायमची रिंग असते. नसेल तर सिलिंडर भरून आणला की दर वेळी नवा वायसर घाला, त्याची किंमत नगण्य आहे. मग केगच्या झाकणाची मोठी ओ-रिंग आणि वरच्या दोन तोंडांच्या छोट्या. ५ गॅलनचे जुने केग मुळात सोड्याच्या सरबतासाठी बनवलेले होते. त्यांच्या ओ-रिंगांना वर्षानुवर्षं रूट बिअरचा (ही बिअर नव्हे, अमेरिकन सरबत) वास येतो. वास असलेली रिंग म्हणजे जुनी रिंग, ती सरळ बदला. नव्या रिंगला अन्नासाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटानं हलकंच लावा. दांडीवरची ओ-रिंग बदलायच्या आधी गॅस तोडा आणि केगमधला दाब पूर्ण सोडा. दाब असताना पाना लावू नका.

नळी आणि टॉवर

कूलरच्या संचात बहुधा पाच फूट नळी येते. केगमध्ये १२ पीएसआय आणि नळापाशी शून्य, यांच्यामध्ये तो दाब हळूहळू जिरायला हवा, आणि तो जिरतो नळीच्या घर्षणात. नळी आखूड असेल तर उरलेला सगळा दाब नळाच्या तोंडाशी फुटतो. ३/१६ इंच आतल्या व्यासाची नळी दहा फूट घ्या, गुंडाळी करून केगवर ठेवा. नळ केगपेक्षा उंच असेल तर दर फुटाला साधारण अर्धा पीएसआय चढण्यातच जातो, तेवढी नळी कमी चालते. लांब नळीनं सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या फुटानं कापत यायचं. कापलेली नळी वाढवता येत नाही.

टॉवरचं दुखणं बार बांधतानाच सुरू होतं. कूलर ३८ वर, पण टॉवर बेसमेंटच्या ७२ अंशांच्या हवेत उभा. त्यातली फूटभर नळी तापते आणि पुढच्या ग्लासाची सुरुवात फेसानं होते. टॉवरची टोपी काढून आत बोट घाला, उबदार लागलं तर उत्तर मिळालं. आतल्या छोट्या पंख्यापासून एक लवचीक नळी टॉवरच्या वरपर्यंत न्या, म्हणजे गार हवा वर ढकलली जाईल, आणि टॉवर आतून फोमनं गुंडाळा. हवेला खाली परत यायला वाट मात्र ठेवा, नाहीतर पंखा नुसताच फिरत राहतो.

धुणं

दर दोन आठवड्यांनी नळ्या अल्कलीच्या द्रावणानं धुतल्या पाहिजेत, आणि दर तीन महिन्यांनी आम्लाच्या, कारण बिअरचा खडा, म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटचा थर, अल्कलीनं पुरता जात नाही. त्या खरबरीत थरावर गॅस सुटतो, तिथूनही फेस येतो. नुसतं भिजवत ठेवणार असाल तर वीस मिनिटं, पंपानं फिरवणार असाल तर पंधरा. हातमोजे आणि चष्मा घालाच. अल्कली, आम्ल, ब्लीच यातलं काहीही एकमेकांत मिसळू नका, आणि नंतर भरपूर पाणी सोडा. त्याच वेळी नळ सुटा करून आतून बारीक ब्रशनं घासा. एका घरी नळाच्या आत बोटभर तपकिरी बुळबुळीत थर निघाला होता. वहिनींनी तो बघितला आणि तेव्हापासून त्या घरात नळ्या धुवायचा वार ठरला आहे.

खोका आणि लाकूड

हे शेवटी घेतलं, कारण इथे सुतारकाम उसवावं लागतं.

रात्री दिवे मालवून पेटलेली विजेरी कूलरच्या आत ठेवा आणि झाकण लावा. फटीतून उजेड दिसला तर तिथूनच ऊब आणि दमट हवा आत जाते. झाकणाच्या रबरात कागद धरून ओढा, तो सहज निघाला तर रबर बसलेलं नाही. चौकट आणि फ्रीझर यांच्यामधली फट सिलिकॉननं भरा. चौकटीला आतून एक-दोन इंच जाडीचा कडक फोम हवा. नुसतं लाकूड उष्णता अडवायला फार कमी पडतं.

देखण्या बारमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र उलटी आहे. बऱ्याच चेस्ट फ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्या मागेच असतात, म्हणून ते पत्रे चालताना हाताला कोमट लागतात. त्यांच्यावर थेट फळ्या चिकटवल्या किंवा बाहेरून फोम लावला की उष्णतेला जायला जागा उरत नाही. कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, आतलं तापमान ४५ च्या खाली येत नाही, आणि मालक गॅसशी खेळत बसतो. लाकडी सजावट आणि पत्रा यांच्यामध्ये चारही बाजूंनी काही इंच मोकळे ठेवा आणि खाली-वर हवेला झरोके द्या. आणि पत्र्याला कधीही भोक पाडू नका. आत शीतकाच्या (फ्रीझर थंड करणाऱ्या वायूच्या) नळ्या कुठून गेल्या आहेत ते बाहेरून दिसत नाही. भोकं फक्त लाकडी चौकटीला.

इथे थांबा

हे सगळं करून झालं, फ्रीझर मोकळ्या हवेत उभा आहे, तरी तो सतत चालतो आणि ग्लासातलं पाणी ४० च्या खाली येत नाही. मग दोष शीतकात किंवा कॉम्प्रेसरमध्ये आहे. तो मार्ग घरी उघडायचा नाही. नव्या फ्रीझरमध्ये आर-६००ए हा शीतक असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ बोलवा.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा ब्रेकर वारंवार पडत असेल, तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

नळ बंद असताना रेग्युलेटरचा छोटा काटा (केगकडे जाणारा दाब दाखवणारा) आपोआप चढत असेल, तर रेग्युलेटर आतून गेला आहे. सिलिंडर बंद करा आणि नवा रेग्युलेटर घ्या. सिलिंडरचा व्हॉल्वच गळत असेल तर तो भरून देणाऱ्या दुकानात जाऊ द्या, स्वतः पाना लावू नका. दर पाच वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करावी लागते, तारीख त्याच्यावर ठोकलेली असते. ती उलटली असेल तर तो भरायला नेऊ नका, आधी चाचणी करून घ्या.

ब्रुअरीच्या भाड्याच्या केगमधली मधली दांडी कधीच काढू नका. आत दाब असताना तिची कडी सुटली तर ती दांडी गोळीसारखी वर येते, त्यात माणसं दगावली आहेत. तो केग तुमचा नाही, ब्रुअरीचा आहे. गळत असेल तर दुकानात परत द्या.

आणि बेसमेंटमधला गॅस. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, जिथे मुलं खेळतात. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) ही मर्यादा मानतात, ४०,००० ला जिवाला तात्काळ धोका. खाली उतरल्यावर डोकं दुखायला लागलं, धाप लागली, तर गळती शोधत बसू नका. सगळ्यांना वर घेऊन या, घराबाहेर पडा, ९११ ला फोन करा. या वायूचा मीटर बाजारात मिळतो. तो गुडघ्याच्या उंचीवर लावा, छताला नाही.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: ग्लासातल्या पाण्याचं तापमान सकाळी, दुपारी, रात्री, कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो, किती मिनिटं थांबतो, पत्रा कोमट लागतो की गार, फ्रीझरच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेल आणि शीतकाचं नाव. तो यायच्या आदल्या रात्री सिलिंडर बंद करून केग बाहेर काढा आणि समोरची फळी उघडून ठेवा.